डोळ्यांपुढचा आरपार पडदा : एक प्रस्तावना

ऑगमेंटेड रिॲलिटीचा आरपार डिस्प्ले हे डोक्यावर चढवायचे साधन आहे. त्यातून समोरचे खरे जग दिसत राहते आणि त्याच वेळी संगणकाने काढलेले चित्र त्या जगातल्या ठरावीक जागी बसलेले दिसते. व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट डोळे झाकून टाकतो आणि त्यांना दुसरेच जग दाखवतो. तिथे चित्र पडताळून पाहायला बाहेरचे काही शिल्लक राहत नाही. आरपार डिस्प्लेत टेबल, भिंत, स्वतःचा हात, समोरचा माणूस सगळे जागच्या जागी असते आणि चित्राची प्रत्येक चूक त्यांच्या शेजारी उघडी पडते. या विषयातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी इथूनच निघतात. खरे जग विनाविलंब दिसते, भरपूर उजेडात दिसते आणि त्यातली प्रत्येक वस्तू आपापल्या अंतरावर असते. संगणकाच्या चित्राला या तिन्ही बाबतींत त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

मुळातले तत्त्व जुने आहे. रात्री आतले दिवे लागलेल्या एसटीत खिडकीशी बसले, की काचेतून बाहेरचा रस्ता दिसतो आणि त्याच काचेत आतल्या दिव्याचे प्रतिबिंबही दिसते. दिवा बाहेर शेतात कुठेतरी तरंगत असल्याचा भास होतो. काच पलीकडचा प्रकाश आत येऊ देते आणि अलीकडचा थोडा परत फिरवते. तिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर दिला, की हे प्रमाण हवे तसे ठेवता येते. असा अर्धपारदर्शक आरसा डोळ्यासमोर तिरपा धरायचा आणि बाजूला छोटा पडदा ठेवायचा, एवढ्यावर आरपार डिस्प्लेचा सांगाडा उभा राहतो. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ साली तिरप्या काचेच्या जोरावर रंगमंचावर भूत उभे केले, तेही याच तत्त्वावर.

त्या भुताला आणि आजच्या डिस्प्लेला जोडणारा दुवा डब्लिनमध्ये मिळतो. दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली नेम धरण्याच्या एका उपकरणाचे पेटंट घेतले. नेमाची खूण त्यांनी भिंगाच्या नाभीवर ठेवली. तिथून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात आणि तिरप्या काचेवरून डोळ्यात येतात. समांतर किरण म्हणजे फार दूरच्या वस्तूकडून आलेले किरण असेच डोळा मानतो, त्यामुळे खूण दूरच्या लक्ष्यावरच उमटलेली दिसते आणि डोके थोडे इकडेतिकडे झाले तरी लक्ष्यावरून सरकत नाही. पुढे लढाऊ विमानांतल्या नेमाच्या काचा आणि त्यांच्यातून वाढलेले हेड-अप डिस्प्ले याच कल्पनेवर उभे राहिले. मात्र ती काच विमानाला पक्की जोडलेली होती. ती माणसाच्या डोक्यावर आणायची, तर डोके नेमके कुठे आहे आणि कुठे वळले आहे हे यंत्राला क्षणोक्षणी कळायला हवे होते.

ते पाऊल आयव्हन सदरलँड यांनी टाकले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेल्या डिस्प्लेचे वर्णन १९६८ सालच्या एका निबंधात आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या कॅथोड-किरण नळ्या, डोळ्यांसमोर अर्धपारदर्शक आरसे असलेले लोलक आणि सुमारे ४० अंशांचे दृष्टिक्षेत्र, अशी त्याची रचना होती. डोक्याची जागा मोजण्यासाठी छतापासून डोक्यापर्यंत लांब-आखूड होणारा एक यांत्रिक दांडा आला होता. त्याच्या सांध्यांच्या कोनांवरून संगणक डोक्याची स्थिती काढी. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोजण्याचा दुसरा प्रकारही करून पाहिला गेला. चित्र नुसत्या रेघांचे होते, पण सेकंदाला ३० वेळा सुमारे ३००० रेघा काढण्याची यंत्राची ताकद होती. पाहणाऱ्याला हवेत लटकलेला रेघांचा घन दिसे आणि त्याच्या भोवती फिरले की घनाची दुसरी बाजू दिसे. एका चित्रात खोलीच्या चार भिंती होत्या आणि त्यांवर दिशांची अक्षरे होती. चित्र हवेत अधांतरी ठेवता येते, तसेच टेबलावर, भिंतीवर, नकाशावर किंवा टाइपरायटरच्या कळांवर नेमके बसवता येते, हेही निबंधात स्पष्ट लिहिले आहे. पुढच्या पन्नास वर्षांतला बहुतेक कार्यक्रम त्या एका वाक्यात आलेला आहे. बदलली ती साधने.

पहिला मोठा वापर लष्करी वैमानिकांनी केला, आणि त्यामागे पैशाइतकेच भूमितीचेही कारण आहे. वैमानिक ज्यांच्याकडे पाहतो त्या गोष्टी शेकडो मीटर ते कित्येक किलोमीटर दूर असतात. चित्र अनंत अंतरावर ठेवले की काम भागते. डोके दहा सेंटिमीटर पुढेमागे झाले तरी दूरच्या डोंगराची दिशा बदलत नाही. मोजायचे असते ते मुख्यतः डोक्याचे वळण, तेही एका बंदिस्त कॉकपिटमध्ये. अपाचे हेलिकॉप्टरच्या वैमानिकाच्या उजव्या डोळ्यासमोर अशी एक काच असते. तिचे दृष्टिक्षेत्र ४० बाय ३० अंश आहे. डोके वळेल तशी तोफ वळते आणि रात्री हेलिकॉप्टरच्या नाकावरचा अवरक्त कॅमेरा वळतो. भारतीय हवाई दलात २०१९ साली पठाणकोटला दाखल झालेल्या अपाचेमध्येही हेल्मेटवरून पाहण्याची हीच पद्धत आहे, आणि तेजस विमानाचा वैमानिकही हेल्मेटवरच्या डिस्प्लेत पाहून लक्ष्य निवडतो. तरीही हे सुखासुखी जमत नाही. अपाचेच्या वैमानिकाचा एक डोळा काळोख पाहतो आणि दुसरा नाकावरच्या, म्हणजे पुढे आणि खाली असलेल्या, कॅमेऱ्याचे चित्र पाहतो. दोन डोळ्यांच्या दोन साक्षी मेंदूने जुळवून घ्यायच्या असतात, आणि त्यासाठी सराव लागतो.

हाच डिस्प्ले कारखान्यात आला तेव्हा भूमिती उलटली. बोइंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मायझेल विमानातल्या वायरिंगच्या कामाचा विचार करत होते. मोठ्या फळ्यांवर नकाशे डकवून त्यांवरून वायरींच्या जुड्या बांधल्या जात. कामगाराच्या डोळ्यासमोरच्या काचेत पुढच्या वायरीचा मार्ग उमटला, तर प्रत्येक विमानासाठी वेगळी फळी ठेवण्याची गरज उरणार नव्हती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधापासून ऑगमेंटेड रिॲलिटी हे नाव रूढ झाले. पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फायनर आणि सहकाऱ्यांनी लेझर प्रिंटरच्या दुरुस्तीचे मार्गदर्शन करणारा डिस्प्ले दाखवला. झाकण कुठून उचलायचे, कागदाचा ट्रे कुठे ओढायचा हे प्रिंटरवरच रेघांनी दिसे. इथे वस्तू हाताच्या अंतरावर आहे. डोके पाच सेंटिमीटर सरकले की रेघेची जागा बदलते, डोळ्यांमधल्या अंतरातला मिलिमीटरभर फरकही जाणवतो. वैमानिकाला किलोमीटरवरच्या लक्ष्याभोवती चौकट पुरते. कामगाराला शेजारी-शेजारी असलेल्या दोन स्क्रूंपैकी एक दाखवायचा असतो. जवळचे काम दूरच्या कामापेक्षा कितीतरी अवघड आहे, ही गोष्ट या क्षेत्राबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही.

रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ साली घेतलेल्या आढाव्यात या तंत्राच्या तीन अटी मांडल्या आणि त्या आजही प्रमाण मानल्या जातात. खरे आणि आभासी एकत्र दिसावे, ते त्या क्षणी प्रतिसाद देणारे असावे आणि आभासी वस्तू त्रिमितीत खऱ्या जगाशी जुळलेली असावी. तिसरी अट सर्वांत कडक आहे. डोळ्याच्या कोपऱ्यात घड्याळ किंवा संदेश दाखवणारा चष्मा पहिल्या दोन अटी पुऱ्या करतो आणि तिसरीवर अडखळतो. २०१३ मध्ये निवडक ग्राहकांना १५०० डॉलरला मिळालेला गूगल ग्लास मुख्यतः याच जातीचा होता.

खरे आणि आभासी एकत्र करण्याचे मार्ग दोन आहेत. पहिल्यात काच किंवा आरसा असतो आणि खरे जग डोळ्याला थेट दिसते. याला ऑप्टिकल आरपार म्हणतात. दुसऱ्यात डोळे झाकलेलेच असतात, हेडसेटच्या पुढच्या अंगाला कॅमेरे असतात आणि त्यांचे चित्र आभासी चित्रात मिसळून आतल्या पडद्यावर येते. हा व्हिडिओ आरपार. व्हिडिओच्या मार्गात प्रत्येक बिंदू संगणकाच्या हातात असतो. खऱ्या टेबलाचा भाग झाकून तिथे आभासी पेटी ठेवता येते, आणि खऱ्या चित्राला मुद्दाम आभासीइतकाच उशीर लावून दोन्ही जुळवता येतात. पण मग सगळेच जग उशिरा दिसते, कॅमेऱ्याच्या कुवतीइतकेच दिसते आणि डोळ्याच्या जागेवरून दिसण्याऐवजी कॅमेऱ्याच्या जागेवरून दिसते. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या ॲपल व्हिजन प्रोमध्ये हा उशीर १२ मिलिसेकंदांवर आणल्याचे कंपनी सांगते, आणि त्यासाठी वेगळी चिप घातलेली आहे. वीज गेली तर मात्र असा हेडसेट घातलेला माणूस आंधळा होतो. ऑप्टिकल काच बंद पडली तरी काचच राहते. जिना उतरणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या किंवा शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसासाठी हा फरक सगळ्या तांत्रिक गुणांहून मोठा आहे.

ऑप्टिकल मार्गाची खरी परीक्षा उशिराच्या बाबतीत होते. मान सहज वळवताना डोके सेकंदाला १०० अंशांच्या वेगाने फिरू शकते. डोक्याची स्थिती मोजणे, चित्र काढणे आणि ते पडद्यावर येणे यात ५० मिलिसेकंद गेले, तर तेवढ्या वेळात डोके ५ अंश फिरलेले असते. ६० सेंटिमीटरवरच्या वस्तूवर ही चूक पाच सेंटिमीटरांहून जास्त होते. खरी वस्तू जागेवर आहे आणि तिला चिकटलेले लेबल मागून घसरत येते आहे, असे दिसते. अझुमा आणि गॅरी बिशप यांनी १९९४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात यावर एक उपाय पडताळून पाहिला. प्रयोगात एक लाकडी खोका होता, आणि त्याच्या कोपऱ्यावर आभासी अक्षरेषा चिकटून राहतात की नाही हे पाहायचे होते. डोक्यावर बसवलेल्या वेग व त्वरण मोजणाऱ्या संवेदकांवरून काही क्षणांनंतर डोके कुठे असेल याचा अंदाज बांधला आणि चित्र त्या अंदाजासाठी काढले. अंदाज न बांधता होणाऱ्या चुकीच्या मानाने ही चूक पाच ते दहा पटींनी कमी झाली. आजच्या हेडसेटमध्ये अंदाजाच्या जोडीला आणखी एक युक्ती असते : चित्र तयार झाल्यावर, ते डोळ्यापर्यंत जाण्याच्या अगदी आधी, डोक्याच्या ताज्या स्थितीनुसार ते पुन्हा थोडे सरकवले जाते.

उशीर शून्य झाला तरी जुळणी आपोआप होत नाही, कारण डोळा काचेच्या मागे नेमका कुठे आहे हे यंत्राला ठाऊक नसते. व्हिडिओत यंत्र कॅमेऱ्याचे चित्र तपासू शकते. ऑप्टिकल काचेत अंतिम चित्र माणसाच्या दृष्टिपटलावर उमटते आणि तिथे पाहायला यंत्राला वाव नाही. मिहरान तुचेरियन आणि नासिर नवाब यांनी २००० साली सुचवलेली पद्धत म्हणून माणसालाच साक्षीदार करते. काचेवर एक फुली दिसते. खोलीतल्या एका ज्ञात बिंदूवर ती फुली बरोबर बसेपर्यंत डोके हलवायचे आणि कळ दाबायची. मग फुली दुसऱ्या जागी येते, पाहणाऱ्याने जागा बदलायची आणि पुन्हा तेच करायचे. डोळा व काच यांच्या नात्यात अकरा संख्या अज्ञात असतात, प्रत्येक जुळणीतून दोन समीकरणे मिळतात, म्हणून निदान सहा जुळण्या लागतात; डोके थरथरते, म्हणून प्रत्यक्षात जास्त घेतात. एवढे सगळे करून हेडसेट नाकावरून दोन मिलिमीटर घसरला, की हिशेब बिघडतो. यामुळेच नव्या हेडसेटमध्ये बाहुलीकडे रोखलेले छोटे कॅमेरे आले.

काचेची रचना हा या विद्येचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. दोन अर्धे आरसे वापरणारी एक स्वस्त रचना चष्म्यांत बरीच रूढ आहे. पडद्याचा प्रकाश तिरप्या सपाट आरशावरून वक्र आरशावर जातो आणि परत त्याच सपाट आरशातून डोळ्यात येतो. दर वेळी निम्मा प्रकाश गळतो, त्यामुळे साध्या हिशेबाने पडद्याचा आठवा भाग डोळ्यापर्यंत पोचतो आणि बाहेरच्या जगाचा चौथा. म्हणून असे चष्मे गॉगलसारखे काळपट दिसतात. दुसरा मार्ग वेव्हगाइडचा. काचेच्या पातळ पट्टीत एका टोकाला प्रकाश शिरवायचा. पुरेसा तिरपा असलेला किरण पूर्ण आंतरिक परावर्तनाने पट्टीतच आपटत पुढे जातो, आणि डोळ्यासमोर आला की अतिसूक्ष्म रेघांची विवर्तन जाळी किंवा अर्ध्या आरशांची मालिका त्याला थोडा थोडा बाहेर सोडते. थोडा थोडा सोडण्याला कारण आहे. प्रकाश एकाच बारीक झोताने बाहेर पडला, तर बुबुळ जरा फिरताच चित्र नाहीसे होईल. तोच झोत अनेक ठिकाणांहून बाहेर पडला, की डोळा फिरायला जागा मिळते.

वेव्हगाइडने किती रुंद चित्र दाखवता येईल हे काचेच्या अपवर्तनांकावर ठरते. १.५ अपवर्तनांकाच्या काचेचा क्रांतिक कोन, म्हणजे किरण आत टिकायला लागणारा किमान तिरपेपणा, सुमारे ४२ अंश असतो, २ च्या काचेचा ३० अंश. क्रांतिक कोन जितका लहान, तितके जास्त किरण पट्टीत टिकतात. मेटा कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या ओरायन या नमुना-चष्म्यात काचेऐवजी सिलिकॉन कार्बाइड होते, ते यासाठीच. त्याचा अपवर्तनांक २.६ च्या वर आहे आणि चष्म्याचे दृष्टिक्षेत्र सुमारे ७० अंश. वेव्हगाइडची किंमत मात्र प्रकाशात मोजावी लागते. आत शिरलेल्या प्रकाशाचा अगदी छोटा अंश डोळ्यापर्यंत पोचतो. जाळी वेगवेगळे रंग वेगवेगळ्या कोनांत वळवते, त्यामुळे पांढऱ्या पानावर कडेला लाल-हिरव्या छटा येतात. शिवाय माणसाचा डोळा अंशाला ६० बिंदू वेगळे ओळखू शकतो. ४० अंशांच्या चित्रालाही त्या मानाने आडवे २४०० बिंदू हवेत. दृष्टिक्षेत्र, बारकावा, डोळा फिरायला जागा, उजेड आणि वजन ही ओढाताण एकाच वेळी चालते, आणि एका गुणाची जाहिरात करणाऱ्या उत्पादनात बाकीच्यांचे काय झाले हे पाहणे शहाणपणाचे.

ऑप्टिकल काच फक्त प्रकाश मिळवू शकते. समोरच्या जगातला प्रकाश वजा करू शकत नाही. काळा रंग दाखवायचा म्हणजे तिथे काहीच न दाखवणे, आणि मग मागची भिंत दिसते. त्यामुळे आभासी वस्तू भुतासारख्या पारदर्शक दिसतात आणि सावल्या टाकू शकत नाहीत. दुपारच्या उन्हात तर चित्र धुऊन निघते. उलट काळोखात, पडद्याला पूर्ण काळा होता येत नसेल, तर सगळ्या काचेवर फिकट उजेड पसरतो. एफ-३५ विमानाच्या हेल्मेटमध्ये रात्रीच्या अशा हिरवट उजेडाने वैमानिकांना त्रास झाला आणि पडद्याची जातच बदलावी लागली. कियोशी कियोकावा यांनी जपानमध्ये बाहेरच्या प्रकाशाच्या वाटेत द्रवस्फटिकाचा मुखवटा घालून खरी वस्तू झाकण्याचे यशस्वी प्रयोग केले, पण त्यासाठी भिंगांची जड रचना लागली. मॅजिक लीप २ या २०२२ च्या हेडसेटमध्ये काचेचा हवा तो भाग गडद करण्याची सोय आहे. तो पडदा डोळ्याच्या फार जवळ असल्याने गडद डागाची कडा पुसट राहते.

अंतराची अडचण उरते ती डोळ्याच्या भिंगाशी. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि भिंग फुगते. या दोन क्रिया जन्मभर जोडीने चालतात. बहुतेक डिस्प्लेत चित्र एकाच ठरावीक अंतरावर, बहुधा दोन मीटरच्या आसपास, केंद्रित असते. हात ५० सेंटिमीटरवर असेल आणि आभासी बाण त्याच्या बोटावर दाखवायचा असेल, तर बोटासाठी डोळ्याच्या भिंगाला २ डायॉप्टर इतकी जास्तीची ताकद लागते आणि बाणासाठी ०.५. एक स्पष्ट झाला की दुसरा पुसट होतो, आणि जोडीच्या क्रिया फोडाव्या लागल्याने डोळे शिणतात. २०१८ च्या मॅजिक लीप वनमध्ये दोन अंतरे ठेवून यावर तोडगा काढायचा प्रयत्न झाला.

बाजाराचा अनुभव संमिश्र आहे. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २०१६ साली ३००० डॉलरला आला. छताचा दांडा आता हेडसेटवरच्या कॅमेऱ्यांत सामावला होता. खोलीत काहीही न बसवता तो स्वतःची जागा ओळखे, आणि हे त्याचे खरे यश होते. चित्र मात्र अरुंद होते. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत कर्णरेषेवर मोजलेले दृष्टिक्षेत्र ५२ अंशांपर्यंत गेले, वजन ५६६ ग्रॅम राहिले, आणि २०२४ मध्ये उत्पादन थांबले. अर्धा किलो वजन दिवसभर डोक्यावर वागवायला कामगार राजी नसतो, हे त्यामागचे एक साधे कारण.

डोक्यावर काहीच न चढवता हे साधावे, असाही एक विचार आहे आणि त्याला महाराष्ट्राशी नाते आहे. नाशिकचे रमेश रासकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले. तिथे १९९८ मध्ये त्यांनी ग्रेग वेल्च आणि हेन्री फुक्स यांच्यासह चित्र थेट खऱ्या वस्तूंवर प्रोजेक्टरने टाकण्याची कल्पना मांडली. पांढऱ्या ठोकळ्यावर विटा, खिडक्या आणि ऊन टाकले की तो घर होतो, आणि भोवती उभे असलेले सगळे ते एकदम पाहतात. नजरेचे अंतर खऱ्या वस्तूचेच असल्याने डोळ्यांवर ताणही येत नाही. पण प्रोजेक्टरच्या प्रकाशाला टेकायला पृष्ठभाग लागतो. हवेत लटकलेली किंवा एखाद्या वस्तूच्या पोटात असलेली गोष्ट, प्रत्येकाला त्याच्या जागेवरून बरोबर दिसेल अशी, त्याला दाखवता येत नाही.

पोटातली गोष्ट दाखवणे हेच वैद्यकाला हवे असते. याच विद्यापीठात १९९२ मध्ये गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीचे चित्र व्हिडिओ आरपार हेडसेटमधून तिच्या पोटाच्या जागी दाखवले गेले. चित्र जागेवर होते, पण ते पोटाच्या आत वाटेना, कातडीवर रंगवल्यासारखे दिसे. पुढच्या प्रयोगात संशोधकांनी पोटावर एक आभासी खड्डा काढला आणि त्याच्या कडांआडून गर्भ दाखवला. तेव्हा कुठे खोली जाणवू लागली. मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी ऑगमेडिक्स कंपनीच्या ऑप्टिकल हेडसेटला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये मंजुरी दिली. तिथे आधी सांगितलेल्या बऱ्याच अडचणींना कामाच्या स्वरूपानेच बांध घातलेला आहे. मणका शल्यविशारदाच्या हाताच्या अंतरावर असतो, म्हणून चित्रही त्याच अंतरावर केंद्रित करता येते. डोके फारसे फिरत नाही. मापनाची खूण रुग्णाच्या हाडालाच घट्ट बसवलेली असते, त्यामुळे श्वासाबरोबर पाठ हलली तरी चित्र हाडासोबत हलते. आणि चित्र केव्हाही बंद केले, तरी जखम, उपकरण आणि स्वतःचे हात शल्यविशारदाला काचेतून थेट दिसत राहतात.